बेटावर जायचं कसं? बोटीनं की विमानानं?

(आपल्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे, बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यात भेटलं की बोलणं व्हायचं ते पाण्याच्या टँकरचं आणि मुलांच्या दहावीचं. आता लिफ्टमध्ये भेटलं की कुठल्या देशाचा व्हिसा किती दिवसांत मिळतो, हा विषय. काळ बदलला, चांगलंच झालं. २०२४ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं ग्रीसला जाऊन आलो. तेव्हापासून मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "बेटावर विमानानं गेलात की बोटीनं?" आता बी विंगमधल्या दोन जोडप्यांचं तिकडे जायचं घाटतंय. तेव्हा सेक्रेटरी म्हणाले, एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगून टाका. म्हणून उभा आहे.

मी प्रवास कंपनीचा माणूस नाही. चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी लोकांचे कर्जाचे अर्ज तपासण्यात. कागदावरचा आकडा आणि प्रत्यक्षातला आकडा यांत फरक असतो, हे त्या नोकरीनं शिकवलं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आधी भूगोल थोडक्यात. ग्रीसला लहानमोठी मिळून सहा हजारांच्या आसपास बेटं आहेत, पण माणसांची वस्ती सव्वादोनशेच्या आसपास बेटांवरच. विमानतळ त्याहून कितीतरी कमी ठिकाणी. इऑस, फोलेगांद्रोस, अमोर्गोस, हायड्रा इथे विमान उतरतच नाही, बोटीला पर्यायच नाही. ऱ्होड्स फार लांब, बोटीनं अर्ध्या दिवसाहून जास्त, तिथे बहुतेक जण विमानानंच जातात. क्रीटला रात्रीची मोठी बोट आहे. रात्री नऊच्या सुमारास निघते, सकाळी पोचते, केबिन मिळते, झोपून जाता येतं. खरा पेच पडतो तो मधल्या बेटांना. सांतोरिनी, मिकोनोस, पारोस, नॅक्सोस. दोन्ही सोयी आहेत आणि दोन्हींची जाहिरात जोरात आहे.

आमच्या घरी हा पेच चांगला महिनाभर चालला. आमची मुलगी म्युनिकला असते. तिनं सरळ सांगितलं, "बाबा, पंचेचाळीस मिनिटांचं विमान आहे. बोटीला आठ तास लागतात. तुमच्या हृदयात स्टेंट आहे, आईचे गुडघे दुखतात. मी दोन्ही वेळची विमानाची तिकिटं काढते." तिचं म्हणणं काळजीपोटी होतं, चूक म्हणता येणार नाही. पण सौ.चं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी ती आईबरोबर आगबोटीनं मुंबईला आलेली. होडीतून मोठ्या बोटीवर चढायचं, डेकवर पथारी टाकायची आणि सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरायचं. त्या बोटी बंद पडून जमाना झाला. ती म्हणाली, "समुद्रातल्या बेटावर जायचं आणि समुद्र वरून बघायचा, मग कशाला एवढ्या लांब जायचं? पुन्हा बोटीत बसायला मिळेल की नाही माहीत नाही." या वाक्यावर मुलगी गप्प झाली. मीही.

मग मी ठरवलं, की हा अर्ज रीतसर तपासायचा. मन एका बाजूला ठेवून आधी वेळ, पैसा, प्रकृती आणि जोखीम.

वेळेपासून सुरू करू. पंचेचाळीस मिनिटं विरुद्ध आठ तास, हा कागदावरचा आकडा. हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत मोजा. अथेन्सच्या मध्यातून विमानतळ तीसेक किलोमीटर. मेट्रोनं चाळीस मिनिटं, वर मेट्रोची वाट बघणं. विमानतळावर दीड ते दोन तास आधी. उड्डाण पाऊण तास. उतरल्यावर पट्ट्यावरून बॅग येईपर्यंत अर्धा तास, मग टॅक्सी. सांतोरिनीला झाले साडेचार तास. आता मोठी साधी बोट. मध्यवस्तीतून पिरियस बंदर मेट्रोनं साधारण अर्धा तास, तिथे तासभर आधी, बोट साडेसात ते आठ तास, वर बंदरातून गावात अर्धा तास. झाले दहा. वेगवान बोट साधारण पाच तास घेते, तिचे धरा सात. म्हणजे फरक आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा नाही. नॅक्सोससारख्या जवळच्या बेटाला तर तो आणखी कमी होतो, कारण तिथे मोठी बोटही साडेपाच तासांत पोचते.

इथे एक लक्षात ठेवा. तुम्ही मुंबईहून अथेन्सला उतरून त्याच दिवशी पुढे जाणार असाल, तर हिशोब बदलतो. विमानतळ एका टोकाला, पिरियस दुसऱ्या टोकाला. आता २०२२ पासून मेट्रो विमानतळावरून थेट पिरियसपर्यंत जाते, न बदलता, पण तासभर लागतोच. रात्रभराच्या प्रवासानंतर आपल्या वयात बॅगा ओढत बंदर गाठण्यापेक्षा, एकाच तिकिटावर पुढचं विमान मिळत असेल तर ते बरं. एकाच तिकिटावर असेल तर पहिलं विमान उशिरा आलं तरी पुढे पोचवायची जबाबदारी विमान कंपनीची. वेगवेगळी तिकिटं काढली, तर ती जबाबदारी तुमची. आणि मिकोनोसला जायचं असेल तर राफिना नावाचं दुसरं बंदर विमानतळाच्या जवळ आहे. सगळे पिरियस, पिरियस करतात आणि राफिना विसरतात.

पैसा. मोठ्या बोटीचं डेकचं तिकीट आम्हाला माणशी पन्नास युरोंच्या आसपास पडलं. वेगवान बोट त्याहून बरीच महाग. विमानाचं सांगता येत नाही. चार महिने आधी काढलं तर बोटीइतकं स्वस्त, ऐन वेळी काढलं तर तिप्पट. आणि विमानाच्या स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली नसते, हे बारीक अक्षरात असतं. बोटीत बॅगेचं वजन कोणी करत नाही. सौ.नं थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर घेतला होता. विमानात याचे वेगळे पैसे द्यावे लागले असते.

पण बॅग ओढायची आपणच, हे विसरू नका. बोटीचं मागचं मोठं दार खाली पडतं आणि ट्रक, मोटारी, माणसं सगळी एकदमच आत शिरतात. खालच्या मजल्यावर बेटाच्या नावाची पाटी लावलेले रॅक असतात. आपल्या बेटाच्या रॅकमध्ये बॅग ठेवायची आणि वर जायचं. बऱ्याच मोठ्या बोटींना आता सरकते जिने आहेत, पण सगळ्यांना नाहीत. बोट सुटल्यावर तो खालचा मजला बंद करतात, प्रवास संपेपर्यंत कोणालाही जाऊ देत नाहीत. म्हणून औषधं, पासपोर्ट, चष्मा आणि स्वेटर हातातल्या पिशवीत. बॅगेत गोळ्या राहिल्या की बंदर येईपर्यंत त्या तुमच्या नाहीत. ज्यांना स्टेंट आहे, साखर आहे, त्यांनी ही एक गोष्ट लिहूनच ठेवावी.

पिरियस बंदरही प्रचंड आहे. ई-१ पासून ई-१२ पर्यंत गेटं आहेत. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत बॅगा घेऊन चालणं हे आपलं काम नव्हे. गेट आदल्या दिवशी तिकिटावर किंवा हॉटेलात विचारून पक्कं करा आणि टॅक्सीवाल्याला गेटचा नंबर सांगा. नुसतं "पिरियस" म्हणू नका. आपल्याकडे "दादर" म्हटल्यावर ईस्ट की वेस्ट विचारतात, तसंच ते.

प्रकृतीचं माझ्या कार्डिओलॉजिस्टना विचारलं. ते म्हणाले, तुमच्या बाबतीत दोन्हींना हरकत नाही, दगदग कमी होईल ते करा. मग दगदग कशात कमी? विमानतळावर रांगेत उभं राहणं, बूट-पट्टा काढणं, लांबलचक चालणं, आणि मग अरुंद सीट. मोठ्या बोटीत चढउतार सोडली की पाच तास पाय मोकळे. फेऱ्या मारा, आडवे व्हा, स्वच्छतागृह जवळ. खायला पालक भरलेली पॅटीस मिळते, तिला स्पॅनाकोपिता म्हणतात. शाकाहारी माणसाचा दिवस निघतो. गुडघेवाल्यांना बोट बरी, असं माझं प्रामाणिक मत झालं.

मात्र "बोट" म्हणजे कुठली, हे बघा. वेगवान बोटींपैकी बहुतेकींत विमानासारखं आतच बसायचं असतं, उघडं डेक नसतं. लाट उठली की हलतातही जास्त. ज्याला समुद्र बघायचाय त्यानं ती घेऊन काय करायचं? बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी मोठ्याच बोटीत, मध्यभागी आणि खालच्या बाजूला जागा धरावी, पोट अगदी रिकामं ठेवू नये, लांब क्षितिजाकडे बघावं. आलेपाक खिशात असावा. गोळी डॉक्टरांना विचारून.

आता जोखीम. हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे, जरा कान देऊन ऐका.

त्या समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून एक वारा वाहतो. त्याला मेल्तेमी म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये जोर जास्त, सप्टेंबरातही येतो. आपल्याला वादळ म्हटलं की काळे ढग आणि पाऊस डोळ्यांसमोर येतो. इथे तसं नाही. आकाश निळंभोर, ऊन लख्ख, आणि बोटी बंद! वारा ठरावीक जोराच्या वर गेला की तिथलं तटरक्षक दल बोटी सोडायला मनाई करतं. वेगवान आणि लहान बोटी आधी थांबतात, मोठ्या नंतर. ते कडक असतात आणि असायलाच हवेत. २००० च्या सप्टेंबरात पारोस बेटाजवळ 'एक्सप्रेस सामिना' नावाची प्रवासी बोट खडकावर आपटून बुडाली, ऐंशीच्या वर माणसं गेली. आपल्या 'रामदास' बोटीची आठवण असणाऱ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. वाऱ्याशिवाय संपही असतात. बोटवाल्यांचे असतात तसे विमानवाल्यांचेही. पण ते बहुधा आधी जाहीर होतात.

बोट रद्द झाली तर काय मिळतं? युरोपचे नियम आहेत. पैसे परत किंवा पुढच्या बोटीत जागा, यातलं आपण निवडायचं. दुसऱ्या कारणानं बोट रद्द होऊन राहावं लागलं तर बोट कंपनीनं हॉटेलचा खर्च रात्रीला ८० युरोपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री द्यायचा. पण कारण धोकादायक हवामान असेल तर हॉटेलही नाही आणि भरपाईही नाही. विमानाचं याबाबतीत थोडं बरं. हवामानामुळे रद्द झालं तरी जेवणखाण आणि गरज पडली तर हॉटेल विमान कंपनीनंच द्यायचं, रोख भरपाई मात्र नाही. म्हणजे वाऱ्याची जोखीम बोटीच्या प्रवाशाच्या खात्यावर पडते. कर्जाच्या भाषेत सांगायचं तर, तारण काहीच नाही.

हे समजल्यावर आमचा निर्णय आपोआप झाला. बोट वाईट नाही, विमान चांगलं नाही, प्रश्न दिवसाचा आहे. ज्या दिवसाच्या पुढे मोकळे दिवस आहेत त्या दिवशी बोट. ज्या दिवसाच्या पुढे न हलणारी तारीख आहे, म्हणजे परतीचं विमान, त्या बाजूला विमान, आणि तेही एक रात्र मध्ये ठेवून. आम्ही पिरियसहून नॅक्सोस बोटीनं, तिथे तीन रात्री. नॅक्सोसहून सांतोरिनी बोटीनं, तिथे तीन रात्री. सांतोरिनीहून अथेन्स विमानानं, अथेन्सला एक रात्र मुक्काम, मग मुंबई. मुलीला हा कागद पाठवला. तिचा फोन आला, "हे चालेल बाबा. पण प्रत्येक बंदराला मेसेज करायचा." सॅन्क्शन झालं.

सकाळी साडेसातला पिरियसहून निघालो. सौ.नं डेकवर जागा पकडली ती नॅक्सोस येईपर्यंत सोडली नाही. आजूबाजूला तिथलीच माणसं. अथेन्सला डॉक्टरकडे जाऊन परत निघालेली एक म्हातारी, सुट्टीवर चाललेला सैनिक, टीव्हीचं खोकं घेतलेलं जोडपं. त्यांच्यासाठी ही सहल नव्हे, त्यांची एसटी आहे. दूध, औषधं, सिमेंट, सगळं याच बोटीनं जातं. ज्या बेटांवर धंदा परवडत नाही तिथेही बोट जावी म्हणून सरकार पैसे देतं. कोकणातल्या माणसाला याचा हेवा वाटल्याशिवाय राहणार नाही.

डाव्या हाताला सुनियोचं टोक गेलं, वर पोसायडनच्या देवळाचे खांब दिसतात. तिथली दंतकथा अशी, की राजा एजियस मुलाच्या बोटीची वाट बघत होता. सुखरूप आलो तर पांढरं शीड लावीन, असं मुलगा सांगून गेला होता. तो विसरला, काळंच शीड दिसलं आणि बापानं समुद्रात उडी घेतली. त्याच्या नावावरून एजियन समुद्र. मी सौ.ला म्हटलं, मेसेज करायला विसरू नकोस गं. तिनं लगेच केला.

नॅक्सोसला बोट शिरते तेव्हा समोर एक संगमरवरी दरवाजा उभा दिसतो. अपोलोचं देऊळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात बांधायला घेतलं आणि अर्धवटच राहिलं, नुसती चौकट उरली. गाव त्याच्यामागे. अडीच हजार वर्षं समुद्रातून येणाऱ्या माणसाचं स्वागत त्या चौकटीनं केलंय. विमानानं येणाऱ्याला ती नंतर, पर्यटक म्हणून बघायला जावं लागतं. सांतोरिनीचंही तसंच. जुन्या ज्वालामुखीचं पोट समुद्रानं भरलेलं, त्यात बोट शिरते. तिन्ही बाजूंना उभे कडे आणि वर पांढरी घरं, जणू बर्फ पडलंय. विमान बेटाच्या मागच्या सपाट बाजूला उतरतं, तिथून यातलं काही दिसत नाही.

आम्ही नॅक्सोसहून निघायच्या दिवशीच वारा सुटला. वेगवान बोटी सकाळीच रद्द झाल्या. आमची मोठी बोट दोन तास उशिरा, पण सुटली. धक्क्यावरच्या कॅफेत नाशिककडचं एक जोडपं भेटलं, आपल्याच वयाचं. त्यांची वेगवान बोट दुपारी अथेन्सला पोचणार होती, आणि त्याच रात्री दहाला भारताचं विमान. बोट रद्द. नॅक्सोसला छोटीच विमानं उतरतात, ती भरलेली. मोठी बोट संध्याकाळी पिरियसला निघणार, पोचणार अकराच्या पुढे. ट्रॅव्हल एजंटनं वेळापत्रक बघून सगळं छान जुळवून दिलं होतं, वाऱ्याचा कॉलम त्यात नव्हता. वहिनींचे डोळे भरून आले होते. त्यांची सून बाळंतपणाला आलेली, दोन दिवसांवर तारीख. आम्ही एवढंच करू शकलो, की खिडकीवर उभं राहून बोटीची तिकिटं संध्याकाळच्या मोठ्या बोटीवर बदलून घेतली आणि विमान कंपनीला फोन लावला, म्हणजे 'नो शो' होण्याआधी नोंद झाली. तिसऱ्या दिवशी ते घरी पोचले. बाळ त्यांच्याआधी आलं. नव्या तिकिटांना जो खर्च आला तो आपल्या वर्षभराच्या मेंटेनन्सपेक्षा जास्त होता. पण काका फोनवर म्हणाले ते पैशाबद्दल नव्हतं. म्हणाले, "ही तीन दिवस माझ्याशी बोलली नाही."

म्हणून सांगतो, बी विंगवाल्यांनो. बेटावर जाताना बोट, येताना विमान. बोट मोठी, वेगवान नव्हे. परतीच्या विमानाआधी एक पूर्ण रात्र अथेन्सला. औषधं हातात. आणि बेटं दोनच करा, चार नको. प्रत्येक नव्या बेटाबरोबर वाऱ्याची एक जोखीम वाढते.

आणखी एक गोष्ट. मुलं परदेशातून आपली तिकिटं काढतात, त्यात त्यांचं प्रेम असतं. पण त्यांना आपली कारणं सांगितली पाहिजेत. नुसतं "मला बोटीनं जायचंय" म्हटलं तर ते हट्ट समजतात. दिवस, वारा, औषधं, मुक्काम असं लिहून दिलं की त्यांनाही पटतं. यंदा सौ.च्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, हे आपल्याला ठाऊक आहेच. आता बोटीच्या जिन्याचं डॉक्टरांना विचारावं लागेल. त्या वर्षी गेलो ते बरं झालं.

कोणाला वेळापत्रक लावायचं असेल तर संध्याकाळी सात ते आठ मी घरी असतो. कागद-पेन्सिल घेऊन या, चहा आमच्याकडे. सोसायटीच्या रौप्यमहोत्सवाला मनापासून शुभेच्छा.